दहा म्हटलं की उठतो

कात्रीकाकांनी चाळीस वर्षांत नऊशे लग्नांची चित्रणं कापून जोडली होती, आणि त्यातलं एकही लग्न आपल्यामुळे मोडलं नाही असं ते अभिमानानं सांगत. निवृत्तीच्या तोंडावर त्यांच्या वाट्याला एक माहितीपट आला. विषय चाहत्यांचा मेळावा, उद्देश त्यांच्या प्रेमाचा गौरव. फोम, पुठ्ठा नि चंदेरी रंग अंगावर चढवून आवडत्या पात्रांसारखी मिरवणारी दोन हजार माणसं. काकांना त्यातलं एकही पात्र ओळखू येत नव्हतं. नवरदेवही कधी ओळखू येत नसत, त्यामुळे काम अडलं नाही.

लोखंड्या मात्र त्यांना आता पाठ झाला होता. मालिकेत हा लोखंड्या दर भागात कोसळतो, गावकरी दहापर्यंत मोजतात, आणि दहा म्हटलं की उठतो. मेळाव्यात दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या चिलखतातला पोरगा व्यासपीठावर कोसळला. सभागृहानं दहा मोजले. तो उठला नाही. आपलंच प्रेम कमी पडलं असं वाटून सभागृहानं पुन्हा मोजलं, आणखी जोरात. असं पाच वेळा. मग कुणीतरी हेल्मेट काढलं. आतल्या उकाड्यानं पोरगा गेला होता.

दिग्दर्शकाला तो प्रसंग हवाच होता. "एकदा मोजताना दाखवू, आणि मग थेट चाहत्यांनी वाहिलेली फुलं. काका, हे प्रेम आहे हो!" त्यासाठी पोराच्या आईची सही लागणार होती, आणि आईची अट होती, की आधी सगळं जसंच्या तसं बघणार.

ती धाकट्या लेकीला घेऊन आली. दिग्दर्शकानं आईला बाहेर कागद समजावून सांगायला घेतले, तेवढ्यात पोरगी काकांच्या खोलीत शिरली.

"काका, माझ्या कॉलरला माइक होता. मुलाखतीसाठी लावलेला. काढायचा राहिला."

"माहितीय."

काकांनी तो ट्रॅक ऐकला होता. मोजणाऱ्या दोन हजारांत सर्वांत स्वच्छ आवाज तिचाच होता, पाचही वेळा. तिसऱ्या खेपेला तर ती हसत ओरडली होती, "दादा, पुरे झाली नाटकं!"

"आईला ते ऐकवू नका ना."

नवऱ्याकडच्या मंडळींच्या शिव्या काकांनी आजवर शेकड्यांनी पुसल्या होत्या. त्यांनी एक बटण दाबलं, आणि सर्वांत स्वच्छ आवाज बंद झाला.

आईनं सगळं पाहिलं. रडली नाही. पडद्यावर व्यासपीठाच्या कडेला एक मुलगी पाठमोरी उभी होती, दोन्ही हात वर केलेले.

"ही हीच ना? काय करतेय?"

धाकटीनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. चाळीस वर्षांत काकांनी पडद्यावर दोन सेकंदांपेक्षा जास्त शांतता टिकू दिली नव्हती.

"मदतीला हाका मारतेय," ते म्हणाले. "त्या गोंगाटात कुणाला ऐकूच गेल्या नाहीत."

आईनं लेकीचं डोकं छातीशी ओढलं. "मग सांगायचं नाहीस होय गं? महिनाभर तोंड शिवून बसलीस! तेवढ्या माणसांत त्याची काळजी तुला एकटीलाच." आणि तिनं सही केली.

दारात दिग्दर्शक उभा होता. त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. माणूस वाईट नव्हता.

"हाका मारत होती? काका, तो ट्रॅक कुठंय? अहो, हाच तर आपला माहितीपट!"

"खराब झालाय. नुसती खरखर."

"मग नव्यानं घेऊ. पाठमोरी आहे, ओठ जुळवायची भानगडच नाही. मंगळवारी सकाळी येशील ना गं?"

धाकटीनं काकांकडे पाहिलं. काका चष्मा पुसत होते. तो स्वच्छच होता.

"येईल की," आई म्हणाली. "ऐकू दे सगळ्यांना."

मंगळवारी ती आली. काचेपलीकडे तिच्या कानांवर हेडफोन चढवले गेले, समोरच्या पडद्यावर लोखंड्या कोसळला. काही वेळ तिच्या घशातून आवाजच फुटेना. मग फुटला, आणि ध्वनिमुद्रकानं आवाजाचा काटा बघायचा सोडून मान खाली घातली.

"सुरेख!" दिग्दर्शक माइकवर हळुवारपणे म्हणाला. "फक्त हाक जरा आधी मार, बाळ. तो नुकताच पडलाय, अजून वाचू शकतो, असं समज."