चार फुटांची हद्द

"सहा महिन्यांत पुंडलिकराव सोताच्या हातानं टाकी फोडन. नाई फोडली, तर ह्या काळ्या कोटाचं पोतेरं करन मी," सुभेदार कृष्णकांत डंभारेंनी वकिलीची सनद मिळाली त्याच दिवशी पानठेल्यावर जाहीर करून टाकलं.

टाकी म्हणजे संडासाची. सुभेदार सिक्कीमच्या बर्फात पहारा देत होते, तेव्हा इकडे बोरगाव मेघेत शेजारी पुंडलिकरावांनी घर बांधलं, आणि त्यांची टाकी प्रमिलाबाईंच्या, म्हणजे सुभेदारांच्या बायकोच्या प्लॉटात चार फूट घुसली. सुभेदार रजेवर आले, जाब विचारला. सेलूत किराण्याचं दुकान चालवणारा तो माणूस सुपारी कातरत म्हणाला, "भाऊ, तुमी देशाची हद्द पाहा. इथली आमी पाहून घेतो."

हे वाक्य सुभेदारांच्या छातीत रुतून बसलं. बाकीचे पोटासाठी वकील होतात, हे एका टाकीसाठी झाले. फौज सोडली आणि पोरीच्या वयाच्या मुलींशेजारी बाकावर बसून तीन वर्षं कायदा घोकला. कलम पाठ करताना डोळ्यांपुढे पिंजऱ्यात घाम पुसणारा पुंडलिकराव असायचा. त्याच्यासाठी उलटतपासणीचे एकशे बारा प्रश्न वहीत काढून ठेवले होते. पहिलाच प्रश्न होता, 'तुम्ही रोज सकाळी कुठे बसता?'

दावा दाखल करायला गेले, तर बाबूनं कागद परत केले. प्रतिवादीच्या जागी सगळीकडे 'शत्रू' लिहिलं होतं.

दुरुस्त करून दिला. तारीख लागली तेवीस जानेवारी.

"मलेबी घेऊन चाला नं संगं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "दावा माह्या नावानं हाय."

"तुले काय काम? मी वकील हावो नं. तू भरली वांगी करून ठेव. जिंकून येतो, मंग जेवू."

कोर्ट उघडायच्या तीन तास आधी सुभेदार आवारात हजर. झाडूवाल्याला त्यांनीच गेट उघडून दिलं. यादीत नंबर चौदावा. बारावा सुरू असताना नकाशाची झेरॉक्स काढायला ते खाली उतरले, आणि मागच्या शाळेच्या भोंग्यातून राष्ट्रगीत सुरू झालं. सव्वीस जानेवारीची तालीम.

सुभेदार जागच्या जागी सावधान.

पोरं मध्येच चुकली. मास्तरनं पहिल्यापासून घ्यायला लावलं. अर्जनवीस पोहे खात होते, टायपिस्ट टाइप करत होता. सुभेदार मात्र खांब. पोरं पुन्हा चुकली. पुन्हा पहिल्यापासून.

वर व्हरांड्यात शिपायानं पुकारा केला, "प्रमिला कृष्णकांत डंभारे, हाजीर हो."

सुभेदारांची नुसती बुबुळं हलली.

पुंडलिकराव पायऱ्या चढता चढता थांबले, त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. "सुभेदार सायेब, पुकारा झाला बरं. येऊन राह्यले का मी जाऊ?"

दुसरा पुकारा झाला. पोरं तिसऱ्यांदा चुकली. तिसरा पुकारा झाला. एकदाचं राष्ट्रगीत नीट संपलं, तेव्हा सुभेदार तीन-तीन पायऱ्या ओलांडत वर धावले. दावा गैरहजेरीत खारीज झाला होता.

"कुठं होते?" न्यायाधीशांनी विचारलं.

"खाली, सर. सावधानमधे."

त्या दिवशी भरली वांगी कोणी खाल्ली नाहीत. दावा पुन्हा उभा करायचा अर्ज सुभेदारांनी त्याच संध्याकाळी लिहिला आणि प्रश्नांची संख्या दोनशेवर नेली.

सव्वीसला सकाळी दार वाजलं. लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष म्हणून पुंडलिकरावच, टोपी घालून. "झेंडा तुमच्याच हातानं. इथं दुसरा फौजी कोण हाय?"

झेंड्याचा खांब टाकीला लागूनच रोवला होता. ओटा म्हणून टाकीच्या झाकणावर सतरंजी अंथरली होती, आणि फोटोवाला तयार होता. सुभेदारांना डाव कळला. हा फोटो उद्या कोर्टात लागणार, वादीचा नवराच टाकीवर उभा, म्हणजे टाकी मान्य म्हणून.

"जाऊ नोका," प्रमिलाबाई कानाशी पुटपुटल्या.

"टाकीले नाई म्हनता येते," सुभेदार म्हणाले, "झेंड्याले कसं म्हनू?"

ते वर चढले. दोरी ओढली, झेंडा फडकला, राष्ट्रगीत सुरू झालं. निम्म्यावर आलं असेल, तेवढ्यात पायाखाली काहीतरी कडकन वाजलं. ते पुंडलिकरावांनीही ऐकलं, सुभेदारांनीही ऐकलं. दोघांपैकी कोणी हललं नाही.

राष्ट्रगीत संपलं तेव्हा सुभेदार कंबरेपर्यंत टाकीत होते.