अंगात न आलेली

"आज जर पाय हालावात ना, ते मोडी टाकसू. सांगी ठेवस," अंगणात चपला घालताना भिला म्हणाला. ऐकू आलं की नाही याची खात्री नसावी, म्हणून दोन पावलं जाऊन परत वळला. "ऐकं का?"

धनुबाई आरतीचं ताट पुसत होती. तिनं ते आणखी जोरात पुसलं, एवढंच.

श्रावणातला सोमवार होता. रविवारी भाऊबंदकीनं मिळून कानबाई बसवली होती. नारळाला डोळे काढले होते, नथ घातली होती, खण नेसवला होता. देवीच्या नैवेद्याच्या रोटांचं जेवण झालं होतं आणि आता देवीला डोक्यावरच्या पाटावर बसवून वाजतगाजत नाल्यावर पोचवायचं होतं. रनाळ्यात वर्षातून हा एकच दिवस असा, की बाया रस्त्याच्या मधोमध फुगडी घालतात आणि बाप्ये कडेला उभे राहतात. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस कोण मधोमध असतं आणि कोण कडेला, ते सांगायची गरज नाही.

धनुबाई पन्नाशीला टेकली होती. पावसाळ्यात निंदणी, हिवाळ्यात नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडणं. तेव्हा हाताची इतकी आग व्हायची की स्वतःच्या डोळ्यातलं पाणीही तिला कोपरानं पुसावं लागे. रूप बेताचं, गळा त्याहून बेताचा. पण फुगडीत तिच्या हातात हात दिलेली बाई कधी पडली नव्हती. गावातल्या पोरी सासरी जायच्या आधी तिच्याकडून गरका शिकून जात. एकदा पाय फिरायला लागले की घरं, भिंती, कडेचे बाप्ये, त्यांच्यातला तिचा नवरा, सगळं एका पट्ट्यात मिसळून जायचं. तेवढा वेळ ती कुणाची बायको नसायची, कुणाची आई नसायची. तिला फार बरं वाटायचं. वर्षभर ती त्या बरं वाटण्यावर काढायची.

गेल्या वर्षी कुणीतरी मोबाइलवर तिचं नाचणं टिपलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. पानटपरीवर एक जण म्हणाला, "भिला, तुन्ही बाई ते हिरोईन व्हई गई!" झालं. कुणाच्यातरी लग्नाच्या वरातीत डीजेपुढे हाच भिला शर्टाची बटणं सोडून लोळला होता, तेव्हा भिलाची अब्रू शाबूत होती. बायकोनं देवीपुढे दोन गरके घेतले आणि अब्रू गेली. त्या दिवशी घरी येऊन त्यानं तिला दोन मुस्काटात दिल्या. धनुबाईला मार विसरता आला असता. पण वर्षभर जेवताना ताट सरकवून तो "काय हिरोईन, मीठ कोन टाकीन?" म्हणायचा, ते तिला विसरता येईना.

मिरवणूक निघाली. संबळ आणि ढोल सुरू झाले. धनुबाई सगळ्यात मागे, पाण्याचा हंडा काखेत घेऊन चालत होती. तेवढ्यात शेजारची तापीबाई तिला चिकटली. साठीची बाई. दर वर्षी तिच्या अंगात कानबाई यायची. ती घुमायला लागली की तिचा तिरसट नवरासुद्धा हात जोडून उभा राही.

"केस सोडी दे," तापीबाई कुजबुजली. "डोया मिटी ले नि नाच. आंगमा उनी म्हनतीन सर्वा. मंग देखू, कोन हात लावस ते."

"नि उनी नही ते?"

तापीबाईनं इकडेतिकडे पाहिलं. "माले पंधरा साल व्हई ग्यात. एक डाव बी उनी नही. नाचनं व्हतं माले, दुसरं काय!"

धनुबाईनं काखेतला हंडा सावरला. पंधरा वर्षं तिनं या बाईच्या पायावर पाणी घातलं होतं.

मारुतीच्या पाराशी मिरवणूक थांबली. बाया रिंगणात आल्या. ढोलाची लय चढली आणि धनुबाईला राहवेना. तिनं हंडा खाली ठेवला. पाय आपसूक पडायला लागले, मग फिरायला लागले. बाया मागे सरल्या. पारावरून भिला दात खात खाली उतरला आणि गर्दी लोटत तिच्याकडे निघाला. ते तापीबाईनं पाहिलं. तिनं पुढे होऊन धनुबाईचा अंबाडा ओढून सोडला आणि किंचाळली, "माय उनी! आंगमा कानबाई उनी!"

ढोल आणखी जोरात वाजू लागला. कुणी कुंकू फेकलं, कुणी लिंबू कापलं. मारायला उगारलेला भिलाचा हात हवेतच थांबला, आणि क्षणात तो गडी चिखलात गुडघ्यांवर बसला. त्यानं तिच्या पावलांवर कपाळ टेकलं.

"माय, चुकनं आसीन ते माफ कर. काय जोयजे तुले? सांग माय, काय जोयजे?"

धनुबाई थांबली. धाप लागली होती. केस तोंडावर आले होते. सगळं गाव हात जोडून ती काय बोलते याची वाट पाहत होतं. काहीही मागता आलं असतं. बायकोवर हात टाकू नको, असं म्हटलं असतं तर भिलानं तिथंच कान धरले असते आणि निदान दिवाळीपर्यंत तरी पाळलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण पायाशी वाकलेलं ते डोकं पाहून तिला राग आला. असा राग तिला मार खातानाही आला नव्हता. हे डोकं तिच्यापुढे वाकलेलं नव्हतंच. बत्तीस वर्षांच्या संसारात ते तिच्यापुढे एकदाही वाकलं नव्हतं.

तिनं केस गोळा केले आणि घट्ट अंबाडा बांधला.

"कानबाई तठे पाटवर शे," ती म्हणाली. "मन्हा आंगमा कोनीच नही. मी धनु शे. मीच नाची ऱ्हायनू."

ढोल आपोआप थांबला. भिला उठला. त्याच्या कपाळाला तिच्या पायांचा चिखल लागला होता. कुणीतरी फिसकन हसलं, तसा तो काळाठिक्कर पडला.

"सोंग करस व्हय? देवीनं सोंग?" त्याचा आवाज फाटला. "घर चाल. मंग देखाडस तुले."

बायाही भडकल्या. त्यांतल्या कितीजणींची तापीबाईसारखीच गुपितं होती कोण जाणे, पण सगळ्यांत जास्त ओरडत होत्या त्याच. "लाज शे का?" "देवीले बाटाडं!" भाऊबंदकीतल्या वडीलधाऱ्या छगनबाबांनी काठी आपटली. "पाट आगे लई जा. इले ऱ्हाऊ द्या आठेच."

पाट पुढे गेला. ढोल पुढे गेला. भिला वळून वळून बघत, पण पाटाच्या मागे गेला. मिरवणूक सोडणं त्याच्या अब्रूत बसत नव्हतं.

पारापुढच्या मोकळ्या चिखलात धनुबाई एकटी उरली. तिनं दोन्ही हात पुढे केले. फुगडी एकटीनं घालता येत नाही. मागे राहिलेल्या दोन-तीन पोरी तिच्या हातांकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या आया त्यांना दंडाला धरून ओढून नेत होत्या. कुणीही आलं नाही. घरी काय होणार हे तिला ठाऊक होतं, तरी हात तिनं खाली घेतले नाहीत.

मिरवणूक वळणाशी पोचली होती. तिथून एक बाई परत फिरली. तापीबाई. नवरा तिला हाका मारत होता, मग शिव्या देत होता. तिनं मागे पाहिलं नाही. देवीसाठी सकाळीच सोडून ठेवलेले आपले पांढरे केस ती चालता चालता, सगळ्या गावादेखत, बांधत येत होती.

तिनं येऊन धनुबाईचे हात धरले, पायाला पाय लावले आणि मागे रेलली.

"मजबूत धर," ती म्हणाली. "मन्हं वय व्हयनं आते."