संजयची १९०२ची पेनी

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळात त्र्यंबक सोहोनीला कुणी दुसऱ्यांदा नाणं दाखवायला आणत नसे. पहिली वेळ पुरत असे. जुन्या ब्रिटिश पेनींचा त्याचा तीस वर्षांचा अभ्यास, आणि निकाल बहुतेक एकच : "साधी आहे." समोरच्याचा चेहरा पडला की तो भिंग पुसत बसे. लोकांच्या नातवंडांचे फोटो बघतानाही त्याचं धोरण हेच होतं, त्यामुळे वाढदिवसांची आमंत्रणं कमी झाली होती.

संजय तेवढा टिकून होता. दोघांनी एकाच गाड्यांच्या कंपनीत जन्मभर ब्रेक डिझाइन केलेले. अकरा वर्षांपूर्वी नदीपलीकडे कॅनडातल्या जुन्या बाजारात संजयने १९०२ची एक पेनी उचलली. त्या सालच्या पेनीवर त्रिशूळ घेऊन बसलेल्या ब्रिटानियाबाईंच्या मागे समुद्राची रेघ असते. रेघ वर असली तर भरती, म्हणजे चारचौघींसारखी पेनी. खाली असली तर ओहोटी, म्हणजे दुर्मिळ. संजयची पेनी इतकी झिजलेली, की बाईंचे पायही धड दिसत नव्हते. संजयला ओहोटी दिसे. दर दिवाळीला तो पेनी पुढे करी आणि त्र्यंबक म्हणे, "भरती."

"पुढच्या वर्षी बघू," संजय म्हणे, जणू वर्षभरात समुद्र ओसरणारच होता.

यंदा दिवाळीआधीच त्याच्या बायकोचा, नीलाचा, फोन आला. "भाऊजी, पोटातली गाठ पसरलीय. महिनाभर म्हणतात."

"त्याला माहीत आहे?"

"नाही. इथे पेशंटला तोंडावर सांगतात, पण ह्यांनीच पहिल्या दिवशी डॉक्टरला बजावलं, काय असेल ते बायकोला सांगा, मला इंग्लिशमधून घाबरायचं नाहीये. आता मार्चमधल्या ट्रिपा ठरवतायत. तुम्ही तेवढं बोलून जाऊ नका."

"मी काय बोलणार?"

"तेच. तुमचा काही नेम नाही."

संजयचा पलंग खाली हॉलमध्ये, खिडकीशी आणला होता. "आलास? ये, जल्लाद," तो म्हणाला आणि उशीखालून सुपारीची डबी काढली. डबीचं झाकण त्याला उघडेना. त्र्यंबकने उघडलं.

"बघ. या वर्षी नीट बघ."

त्र्यंबकने भिंग लावलं. रेघ होती तिथेच होती, अकरा वर्षं होती तिथे. भिंगाच्या कडेला संजयचं मनगट दिसत होतं. घड्याळ कोपरापर्यंत घसरलेलं. त्र्यंबकने भिंग नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरलं.

"संज्या," तो म्हणाला, "ओहोटी आहे रे."

संजय उडी मारेल, निदान एखादी शिवी देईल, असा त्याचा अंदाज होता. संजयने घड्याळ मनगटावर ओढून घेतलं. मग म्हणाला, "किती दिवस सांगितलेत?"

"कसले?"

"माझ्या पोरीच्या लग्नात तू व्याह्यांच्या तोंडावर श्रीखंड आंबट आहे म्हणालास. आणि आज तुला ओहोटी दिसली. किती, त्र्यंबक?"

त्र्यंबक भिंग पुसायला लागला. ते स्वच्छच होतं.

"महिना."

"दिवाळी मिळेल?"

"सांगता येत नाही."

बाहेर शेजाऱ्याचं पानं उडवायचं मशीन घरघरत होतं. ते थांबल्यावर संजयने पेनी पुन्हा पुढे केली.

"परत बघ," संजय म्हणाला.

त्र्यंबकने बघितलं. "भरती."

"हां." संजयने डोकं उशीला टेकलं. "आता कसं ओळखीचं वाटलं."

नीला चहा घेऊन आली. त्र्यंबककडे न बघताच तिने विचारलं, "काय निघालं यंदा?"

त्र्यंबकने तोंड उघडलं. त्याच्या हातावर संजयची बोटं आवळली. एवढी ताकद अजून असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

"ओहोटी गं!" संजय म्हणाला. "खडूसाने शेवटी कबूल केलं. मार्चमध्ये शिकागोला नाण्यांचं प्रदर्शन आहे म्हणे, तिथे नेऊ. तू पण चल."

"चला की," नीला म्हणाली. "अगंबाई, साखर घालायची राहिली वाटतं." आणि ती आत गेली, ती बराच वेळ आली नाही.

त्र्यंबकने एक घोट घेतला. चहा गोडच होता. त्याने तसं कुणाला सांगितलं नाही.