घाटावर आलेल्या बायका

नानासाहेबांचा फोन आला तेव्हा बकुळ ऑफिसला जायला स्कूटी बाहेर काढत होती.

"तारा गेली," ते म्हणाले. तारा म्हणजे त्यांची बायको. असे फोन तिला सवयीचे झाले होते.

"शमिका म्हणतेय, आईला अग्नी मीच देणार. तू तिच्याबरोबर घाटावर जाशील?"

"येते," बकुळ म्हणाली आणि तिने स्कूटी लक्ष्मी गेटजवळच्या त्यांच्या घराकडे वळवली.

झाशीत मराठी घरं मोजकीच. बारशापासून तेराव्यापर्यंत सगळीकडे नानासाहेबांचा शब्द चालायचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बकुळचे बाबा, रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले सुभाषचंद्र, हॉस्पिटलातच वारले, तेव्हाही तिने पहिला फोन त्यांनाच केला होता. भाऊ मकरंद पुण्यात तापाने आडवा होता, आईही घरात तापाने फणफणली होती. खांदा द्यायला तरी कोणी पाठवा, एवढंच तिचं मागणं होतं.

"मुलींनी घाटावर जायचं नसतं, बाळ," नानासाहेब तेव्हा म्हणाले होते. "मकरंद येईपर्यंत थांबा."

थांबणार कुठे? त्या दिवसांत हॉस्पिटलवाले थांबू देत नव्हते. शववाहिनीच्या ड्रायव्हरशेजारी बसून ती एकटीच गेली. घाटावर जागा उरली नव्हती, दोन चितांच्या मधून वाट काढावी लागत होती. तिथे काम करणारा रघुनाथ तोंडाला गमछा बांधून पुढे आला. अग्नी देताना त्याने तिचा हात मनगटाशी धरला आणि तो म्हणाला, "डरो मत बिटिया. बाप हैं तुम्हारे."

ती रडली नाही. घरी गेल्यावर रडू येईल असं वाटलं, पण घरी आईच्या कपाळावर पट्ट्या ठेवायच्या होत्या. दहाव्याला वाटलं, वर्षश्राद्धाला वाटलं. आलं नाही. आत कुणी कापूस ठासून भरावा तसं झालं होतं. भूक लागायची, झोप लागायची, ऑफिसात कुणी विनोद केला की हसूही यायचं. पण त्यातलं काही आतपर्यंत पोचत नव्हतं.

त्याच महिन्यात रेल्वे कॉलनीतल्या एका बाईचा नवरा गेला. मुलं सुरतला अडकलेली. ती दारात येऊन म्हणाली, "दीदी, आप तो जा चुकी हो. मेरे साथ चलोगी?" बकुळ चप्पल घालून निघाली. मग आणखी कुणी आलं, मग आणखी कुणी. साथ ओसरली तरी बोलावणी थांबली नाहीत. एकदा घाटावर जाऊन आलेल्या बायका पुढच्या मरणाला उंबऱ्याच्या आत थांबायला तयार होईनात. आपलं माणूस शेवटपर्यंत पोचवायचं, असं त्या सरळ सांगू लागल्या. पुरुषांनी आधी कुरकुर केली, नंतर वर्गणी काढून घाटावर बायकांसाठी नळ घेतला, सावलीत बाक टाकले.

महिला दिनाला मराठी मंडळाने बकुळला शाल दिली. भाषणात कुणीतरी म्हणालं, त्या महामारीने आपल्याला एवढी एक चांगली गोष्ट तरी दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बकुळला राग आला नाही, बरंही वाटलं नाही. तिने शाल घडी करून कपाटात ठेवली.

नानासाहेबांच्या घरी अंगणात माणसं जमली होती. त्यांचा पुतण्या ऋतुराज ग्वाल्हेरहून आला होता. "काका, मी आहे ना! घरात मुलगा नाही असं थोडंच आहे?" तो म्हणत होता.

"शमिका देईल," नानासाहेब म्हणाले. "तिने केलंय आईचं सगळं. हेही तीच करेल."

बकुळ दारात उभी राहून ऐकत होती. आता आपल्याला काहीतरी वाटेल, निदान मनात एक कडवट शब्द तरी येईल, म्हणून ती थांबली. काही आलं नाही. समोर एक म्हातारा माणूस होता, एवढंच दिसलं.

त्यांनी तिला पाहिलं. "बकुळ, तुझ्या वेळी मी..."

"नानासाहेब, मडकं आणलंय का?" तिने विचारलं. ती त्यांना माफ करत नव्हती, टोमणाही मारत नव्हती. मडकं आणायचं राहिलं होतं आणि ऊन चढत होतं.

घाटावर गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या. कुणी डोक्यावर पदर घेतलेला, कुणी शाळेत शिकवायला जाता जाता आलेली. चितेसमोर शमिका थिजून गेली. "ताई, मेरे से नहीं होगा. हातच उचलवत नाहीये."

बकुळने तिचं मनगट धरलं. "नाही उचलला तरी चालेल. मी धरलाय."

चिता पेटली तशी शमिका मोठ्याने रडू लागली. बायकांनी तिला मधे घेतलं. एक तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, एक पाणी घेऊन आली. बकुळच्या खांद्यावर डोकं ठेवून शमिका रडत राहिली, ओढणी भिजली. बकुळ खांबासारखी उभी होती. बाबांच्या वेळी इथे रघुनाथ सोडून कुणी कुणाला हातही लावत नव्हतं, एवढं तिच्या मनात येऊन गेलं.

"ताई, तू रडली होतीस?" शमिकाने नाक पुसत विचारलं.

"नाही अजून."

'अजून' हा शब्द तोंडातून कसा निघाला, तिचं तिलाच कळलं नाही.

घरी येऊन तिने आंघोळ केली. आई, रजनीबाई, खाटेवर बसून होत्या. "कोण कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"गल्लीतल्या सगळ्या बायका होत्या."

त्यांनी हातातल्या बांगड्या मागेपुढे केल्या. नवरा गेला त्या दिवशी त्या तापात होत्या, शुद्धीवर आल्या तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्यानंतर त्यांनी घाटाचं नावही काढलं नव्हतं.

"मला ती जागा दाखवशील? ह्यांची?"

"तिथे आता काही नाही, आई. रोज दुसरं कुणी असतं."

"असू दे. आता बायका जातात ना?"

"जातात."

"मग ने मला."

"रविवारी नेते," बकुळ म्हणाली, आणि ओले केस तसेच ठेवून आईशेजारी खाटेवर बसली.