नावाचं कडवं

दीपा रिमोटचं बटण दाबत एक एक पायरी उतरावी तशी पडद्यावरच्या यादीतून खाली खाली चालली होती. टीव्हीच्या मागं खोचलेल्या त्या बोटभर काडीत एवढं काय काय साठवलेलं असेल, असं बनाबाईला कधी वाटलं नव्हतं. आवाज, रंग, वेळ, पासवर्ड. ती कॉटवर पाय लांब करून बसली होती आणि सुनेच्या अंगठ्यावरून नजर हलू देत नव्हती.

"कीबोर्ड. हां, हेच असंल," दीपा म्हणाली. "भाषा निवडा म्हणतंय. बघा आई, तमिळ हाय, तेलुगू हाय, पंजाबी हाय..."

"आपली हाय का?"

"थांबा तर खरं. ही काय, मराठी."

मराठी या शब्दापुढं निळी खूण उमटली. बनाबाईने तो शब्द ओठांनी वाचला, मग खात्री करायला पुन्हा वाचला.

"एवढंच हुतं व्हय गं? सम्राट तर म्हनला, ह्या टीव्हीत मराठी येतच न्हाई."

"त्यांना कुठं वेळ असतो," दीपा म्हणाली, आणि खूण नीट लागली का ते उगाच पुन्हा पाहिलं.

सम्राटने दिवाळीत ही काडी आणली तेव्हापासून बनाबाईने त्याला तीन-चारदा सांगून पाहिलं होतं, की तुझ्या आबांचं खडीचं गाणं लावून दे. तो घाईघाईने चार इंग्रजी अक्षरं दाबायचा आणि म्हणायचा, "न्हाई गं आई. जुनं हाय ते, कुणी टाकलेलं न्हाई." रिमोटच्या माइकात तिने स्वतः बोलून पाहिलं, तर टीव्हीने मारामारीचा हिंदी सिनेमा लावला. तिने नाद सोडला होता. पण परवा विहारात शेजारच्या जयाने सांगितलं, "आवो, तुमच्या उत्तमरावांचं खडीचं गाणं टीव्हीवर हाय की. नेवाशाला माझी बहीण रोज ऐकती." तेव्हापासून बनाबाईच्या जिवाला चैन नव्हतं. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. हे गाणं एकदा तरी पुरं ऐकायचं होतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या नावापर्यंत.

उत्तमराव भिंगारला छावणीच्या ऑफिसात शिपाई होते. जयंतीच्या दिवसांत त्यांची गायन पार्टी तालुक्या-तालुक्यातून फिरायची. त्या पार्ट्यांची एक रीत होती. गाणं ज्याचं, त्याने शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं. कागद हरवो, माणूस मरो, गाणं कुणी म्हटलं की नाव आपसूक म्हटलं जायचं.

"आन इकडं," बनाबाई म्हणाली. "मी टाकते."

पडद्यावर बाराखडीच्या रांगा लागल्या. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ती साक्षरता वर्गात जाऊन ही अक्षरं शिकली होती, पण तिथं ती पाटीवर होती, हात पोचेल अशी. इथं एकेका अक्षरासाठी चौकट ढकलत न्यावी लागत होती. 'फ'ला पोचायला सात वेळा बटण दाबलं, आणि आठव्यांदा चुकून दाबलं गेलं तसा 'ब' उमटला.

"मी टाकू का?"

"चुकू दे मला."

"एवढ्यात पिठलं झालं असतं, आई."

"मग कर जा. पिठल्याला माझं काय अडलंय?"

दीपा हसली, पण उठली नाही. 'फोडिते मी खडी' एवढं उमटायला पाव तास गेला. बनाबाईने मधलं मोठं बटण दाबलं आणि रिमोट मांडीवर ठेवला.

पहिल्याच चित्रात एक स्टेज होतं, मागं निळा पडदा, आणि पुढं फेटा बांधून सम्राट उभा होता.

"अगं बाई," दीपा म्हणाली. "हे तर आपलेच."

चित्राखाली बारीक अक्षरं होती. बनाबाई कॉटवरून उतरली, टीव्हीजवळ गेली आणि काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेली. गीत आणि गायन, लोकशाहीर सम्राट. मग माघारी येऊन बसली.

"लाव."

सम्राटने माइक तोंडाजवळ धरला होता. गळा भरून आल्यासारखं करून तो लोकांना सांगत होता, की आपल्या माऊलीच्या हाताचे घट्टे बघून हे गाणं आपल्याला सुचलं, एका रात्रीत लिहून काढलं. टाळ्या पडल्या. ढोलकी सुरू झाली. आवाज बापासारखाच होता, थोडा चढा. 'फोडिते मी खडी गं, वाट ही कुणाची.' बनाबाईचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. एके ठिकाणी त्याने कडवं गाळलं, तरी तिच्या ओठांनी ते गाळलं नाही.

शेवटच्या कडव्याला तिने ओठ मिटून घेतले.

'सांगतो उत्तम तुम्हाला, कष्ट तिचे जाणा' अशी ती ओळ होती. सम्राटने तिथं 'सम्राट' म्हटलं. उत्तमच्या जागी ते नाव बसत नव्हतं. हातोडा दगडावरून घसरून अंगठ्यावर यावा तसा तिथं ताल हुकला, पण ढोलकीवाल्याने सांभाळून घेतलं.

दीपाने टीव्ही तिथंच थांबवला. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासरे नव्हते. गाणं तिला ठाऊक नव्हतं. पण काय झालं ते तिला कळलं. ती उठून आत गेली आणि बराच वेळ परात धूत राहिली.

दिवेलागणीला सम्राट आला. गाडीची किल्ली खिळ्याला अडकवता अडकवता पडद्यावरचा आपला उघडा जबडा त्याला दिसला.

"मराठी कुणी टाकलं ह्यात?"

"मी," दीपा म्हणाली. "दोन मिनटाचं काम हुतं."

तो हातपाय धुऊन आला आणि पाटावर बसला. दीपाने त्याच्यापुढं रिकामं ताट ठेवलं.

"आबांचं नाव कुठं गेलं हो त्यातलं?"

"आबांना आता कोण वळखतं? स्टेजवर मी उभा ऱ्हातो, लोकं मला बघायला येतात. घरचं गाणं हाय, घरातच ऱ्हायलं. चोरून आणलं का काय?"

"मेलेल्या मानसाच्या तोंडातलं काढून घेतलंत."

"तू गप. तुला त्यातलं काय कळतं?" मग तो आईकडं वळला. आवाज खाली आला. "आई, तुला वाईट वाटलं असंल. बरं, पुढल्या टायमाला सुरवातीलाच सांगतो, माझ्या वडलांचं गाणं हाय म्हनून. मग तर झालं?"

बनाबाईने लुगड्याचा पदर गुडघ्यावर सारखा केला.

"त्यांचं तरी कुठं हुतं ते."

सम्राटचा हात ताटाच्या कडेवर थांबला.

"म्हंजी?"

"पाथर्डी रोडला खडीवर हुते मी. तू पोटात हुतास. हातोडा पडंल तशी ओळ यायची. सांच्याला त्यांना म्हनून दावायची, ते कागदावर उतरून घ्यायचे." ती थांबली. "शेवटचं कडवं तेवढं त्यांचं. ते मी पयल्यांदा स्टेजवरच ऐकलं. बायांनी वळून माझ्याकडं बघितलं, उत्तमरावाची बायकू म्हनून. मग मी बी हसले."

गॅसवरच्या पिठल्याचा बुडबुडा फुटल्याचा आवाज आला.

सम्राटने घसा खाकरला.

"हे लिहिलेलं हाय का कुठं? तुझ्या हातचं?"

"तवा मला लिहाया येत हुतं व्हय?"

"मग," सम्राट म्हणाला. त्याचे खांदे सैल पडले. त्याने ताट जवळ ओढलं. "दीपा, वाढ."

दीपा भिंतीला टेकून उभी होती, ती हलली नाही. त्याने पुन्हा हाक मारली. तरीही ती हलली नाही.

बनाबाई कॉटला हात टेकून उठली, गॅसजवळची भाकरी घेतली आणि त्याच्या ताटात वाढली.