तारखेचा पंचनामा

तातेराव तलाठी म्हणून रिटायर झाले तेव्हा वडीगोद्रीत लोक म्हणायचे, या माणसानं उभ्या नोकरीत एका कागदावर खाडाखोड केली नाही. चतुराबाईंना नवऱ्याच्या या नावाचा अभिमान होता. तो दोन हजार आठ साली घरात कॉम्प्युटर येईपर्यंत टिकला.

सिकंदराबादला संपतच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, लेकीचं बारसं ठरलं होतं. तिकीट घरबसल्या काढावं म्हणून तातेरावांनी रेल्वेची साइट उघडली, तर लाल ढालीचं चित्र आणि खाली इंग्रजी मजकूर आला. तो वाचून ते म्हणाले, "रेल्वेचं सर्टिफिकेट अजून लागू झालं न्हाई म्हणतंय."

"मंग गाड्या कशा चालून राह्यल्या?" चतुराबाईंनी विचारलं.

वायरी काढून लावल्या, पडदा पुसला, काही फरक नाही. शेवटी संपतला मोबाइल लावला.

"आण्णा, खाली कोपऱ्यात तारीख काय दिसती?"

"एक जानेवारी, दोन हजार दोन."

"तेच तर. कॉम्प्युटर अजून त्या साली बसलाय, अन् सर्टिफिकेट त्याच्या नंतरचं. आजची तारीख टाका, बराबर चालंल."

तातेरावांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "पोरगा तारीख फिरवायला सांगून राह्यला," ते म्हणाले.

"चुकीची हाय, ती बरोबर करायची."

"चौकशीत सगळे असंच सांगतेत."

पंचनाम्याशिवाय तारखेला हात लावायचा नाही, असं ठरलं. पंच म्हणून टायरवाला भुजंग आणि शेजारचे बद्रीनाथ आले. तातेरावांनी कॉम्प्युटरच्या चतुःसीमा लिहिल्या: पूर्वेस खिडकी, पश्चिमेस कपाट, उत्तरेस भिंत, दक्षिणेस चतुराबाई. सह्या झाल्या, चहा झाला, तारीख बदलली. साइट लगेच उघडली. तातेराव प्रवाशांची नावं टाकत होते तेवढ्यात लाइट गेली. आली तेव्हा कोपऱ्यात पुन्हा दोन हजार दोन.

"नवा पंचनामा करावा लागंल," तातेराव म्हणाले. भुजंगनं मान डोलावली. त्याला चहा आवडला होता.

लोडशेडिंग रोजचंच होतं, तिकीट निघायच्या आत लाइट जायची, त्यामुळे पंचही रोजचेच झाले. साखर संपत आली तेव्हा चतुराबाईंनी स्वतः संपतला फोन केला.

"बाई, आत घड्याळातल्यासारखा एक गोल सेल असतो," तो म्हणाला. "तो मेला असंल. म्हणून लाइट गेली की तारीख इसरती."

चतुराबाई हायवेवरच्या घड्याळवाल्यालाच घरी घेऊन आल्या. त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला, सेल बदलला. तातेराव लगबगीनं पंचांना बोलवायला गेले. तेवढ्यात बाईंनी घड्याळवाल्याकडून आजची तारीख टाकून घेतली.

पंच आले. कोपऱ्यात तारीख बरोबर. तिघांनी ती आळीपाळीनं वाकून वाचली. मग तातेरावांनी लिहिलं, 'सदर तारीख बरोबर आढळली, कोणी बरोबर केली ते समजून आले नाही,' आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

त्यानंतर लाइट गेली, आली. तारीख हलली नाही, साइट उघडली. बारशाच्या गाडीला तोवर लांबलचक वेटिंग लागलं होतं.

जालन्याहून दोघं जनरलच्या डब्यात चढले. चतुराबाईंना खिडकी मिळाली. तातेराव दारापाशी बॅगेवर बसले आणि नांदेड येईपर्यंत, जागा आहे का म्हणून कोणी विचारलं की 'माझं रिझर्वेशन न्हाई' म्हणत उठून त्याला बॅगेवरची जागा देत राहिले.