अकरा नंबरचा आवाज

मी कवळ्या बनवते. बावीस वर्षं परक्या तोंडांचे साचे हाताळतेय, त्यामुळे मला सहसा कशाची किळस येत नाही. साच्यात अडकलेला अन्नाचा कण मी चिमट्याने काढते, हात धुते आणि डबा खायला बसते. पण त्या दिवशी लॅबमध्ये डबा उघडला, फोनवर धाकट्या भावाचा निरोप वाचला आणि झाकण परत लावून टाकलं.

निरोप असा होता: 'ताई, आईचा किट टाकलाय. बाराशे लोकांनी उतरवून घेतला. ऐक.'

भाऊ लिफ्टचा मेकॅनिक आहे. पोटासाठी लिफ्ट, आणि नाद घरगुती ड्रमचा. म्हणजे खरा ड्रम नाहीच. दिसेल ती वस्तू बडवायची, आवाज रेकॉर्ड करायचा, संगणकात मागचापुढचा भाग कापून साफ करायचा आणि एकेका बटणाला एकेक आवाज लावायचा. मग बटणं दाबली की ताल वाजतो. असे सोळा आवाज जमले की झाला किट. तो किट इंटरनेटवर फुकट वाटायचा, त्याच्यासारख्याच हौशी मंडळींना. आजवर त्याने कुकर वाटला, सायकल वाटली, लिफ्टचे दरवाजे वाटले. हौसेला मोल नसतं म्हणून मी कधी काही बोलले नाही.

पण आईला जाऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. आणि इंटरनेटवर त्या किटच्या पानावर फोटो होता तो तिच्या कवळीचा. पाण्याच्या ग्लासात बुडालेली, मी माझ्या हाताने केलेली कवळी. आईचा वरचा डावा सुळा मुळातच किंचित वळलेला होता, म्हणून कवळीतही मी तो तसाच वळवला होता. डॉक्टर म्हणाले होते, 'एवढं कोण बघतंय?' आता बाराशे जण बघत होते.

खाली यादी. 'कवळी ग्लासात'. 'काठी फरशीवर, हळू', 'काठी, मध्यम', 'काठी, जोरात'. 'गोळ्यांचं पाकीट'. 'पलंगाचा कठडा'. 'खोकला, कोरडा'. 'खोकला, ओला'. त्याखाली लोकांच्या प्रतिक्रिया होत्या. एकाने लिहिलं होतं, 'ओला खोकला झकास, झांजेच्या जागी लावला.' दुसऱ्याने त्या खोकल्यावर गाणं करून नाचतानाचा व्हिडिओ टाकला होता. बनियनवर.

मी भावाला फोन लावला.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोस का रे?"

"काय झालं ताई?"

"आईचा खोकला वाटत फिरतोयस. लाज कशी वाटत नाही?"

"तिनेच दिलाय," तो म्हणाला. "काठीसुद्धा तिनेच आपटून दिली. तीन वेळा सांगितलं होतं, तिने चौथ्यांदा आपणहून आपटली. म्हणाली, ही घे, ही फक्कड आली."

"ती आजारी होती. तिला काय कळतंय?"

"तिला सगळं कळत होतं," तो म्हणाला. "तू रविवारी ये. एकदा नीट ऐक. मग म्हणालीस तर काढून टाकतो, शब्द देतो."

रविवारी गेले. त्याची ती खोली बघून आधीच डोकं सणकलं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. एका गादीवर पिवळा डाग, कसला ते मी विचारलं नाही. टेबलावर तीन कप, एकात बुरशी. आणि कीबोर्डशेजारी, पुसायच्या फडक्यावर, आईची कवळी उताणी पडलेली. मी ती उचलून रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. त्याने माझ्यासाठी स्टूल ओढलं आणि तो बटणं दाबायला लागला.

काठी वाजली. पाकिटातल्या गोळ्या वाजल्या. मला वाटलं होतं रडू येईल, पण नाही आलं. राग तेवढा चढत होता. माणूस गेलं की त्याचे कपडे धुऊन, घड्या घालून देतात कुणाला तरी. हा तिचे आवाज थुंकीसकट वाटत होता.

"आता हा ऐक," तो म्हणाला. "अकरा नंबर. याच्यावर सगळे फिदा आहेत."

त्याने बटण दाबलं.

एकच आवाज. आखूड, बसका आणि आतून पोकळ.

"स्नेअर म्हणून लावलाय. ड्रममधला तो कडक ठोका असतो ना, त्या जागी. पण असा स्नेअर कुणाकडेच नाही. लोक पैजा लावतायत, कशाचा असेल. एक म्हणतो ओलं चामडं, एक म्हणतो शेकायची रबरी पिशवी."

"कशाचा आहे?"

"मलाच माहीत नाही," तो हसला. "एकदा मंगळवारी सकाळी रेकॉर्डर आईच्या कपाटावर ठेवून कामाला गेलो होतो. तिच्या खोलीचे आवाज हवे होते. आठ तासांची फाइल आहे. एवढं कोण ऐकत बसणार? संगणकाला सांगितलं की जिथे मोठा आवाज असेल तेवढाच तुकडा कापून दे. तुकडे ऐकले, चांगले ठेवले. हा त्यातला. काहीतरी पडलं असेल."

काही पडलं नव्हतं. मला पहिल्याच ठोक्याला कळलं. दात असलेल्या गालाचा आवाज वेगळा आणि नसलेल्या गालाचा वेगळा. खाली हिरडी असते, मध्ये रिकामी जागा, आणि गाल आत जाऊन परत येतो. बावीस वर्षं मी तीच रिकामी जागा भरायचं काम करते. जगात दुसऱ्या कुणाला कळणार नाही, मला कळणारच.

त्या मंगळवारी मी रजा घेऊन आईजवळ होते. सकाळपासून तिने तीनदा कवळी काढून टाकली होती. चौथ्यांदा काढली ती माझ्या चहाच्या कपात सोडली, आणि बोळक्या तोंडाने म्हणाली, "हसतील त्याचे दात दिसतील. माझे तेही दिसायचे नाहीत." मी कपात बघितलं. माझ्याच हातचे दात चहात बुडाले होते, कडेला सकाळच्या घासाचा चोथा. परक्यांच्या तोंडाची मला कधी किळस आली नाही, आईच्या तोंडाची आली. आणि मी तिच्या थोबाडीत मारली.

ती रडली नाही. कवळी कपातून काढून तिने गुपचूप तोंडात बसवली, चहासकट. संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागणार होते. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये काम फार होतं. त्यानंतर रोजच काहीतरी होतं. आणि ती गेली तेव्हा सगळे नातेवाईक म्हणाले, लेक असावी तर अशी. मी मान खाली घालून ऐकून घेतलं, लोकांना तो विनय वाटला.

आणि इथे मी नाक मुरडत होते, भावाच्या गाद्यांवर, कपांवर. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून. मला माझ्या उजव्या हाताची शिसारी आली. तो मांडीवर होता, मी तो पर्सखाली सारला.

भावाने तेवढ्यात ताल लावला. काठी, अकरा, काठी, अकरा. बोट खालीवर होत होतं आणि मान डोलत होती.

"बंद कर," मी म्हणाले.

"नाही आवडलं?"

"काढून टाक. आत्ता, माझ्यासमोर."

दिलेला शब्द त्याने पाळला. वाद घातला नाही, तोंड वाकडं केलं नाही. दोन-तीनदा टिकटिक केली आणि पान रिकामं झालं. "ज्यांनी उतरवून घेतलाय त्यांच्याकडे मात्र राहणार," तो म्हणाला. "त्याला आता इलाज नाही."

म्हणजे कुणीतरी बनियनवाला त्या थोबाडीवर नाचतच राहणार होता.

"आणि ती आठ तासांची फाइल," मी म्हणाले. "तीही पूस."

"ती नाही," तो म्हणाला.

"का?"

"ती आपल्या दोघांची आहे, ताई. त्यात आई तुझ्याशी बोलत असेल. दिवसभर होतीस ना तिच्याजवळ. मी तुकड्यांपलीकडे काही ऐकलेलं नाही. एकट्याने धीरच होत नाही. तू आलीस की ऐकू म्हणून ठेवलीय. तू केलंस तिचं सगळं. मी काय, काठ्या आपटून घेतल्या."

हे तो मनापासून म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तो बाहीने पुसत होता. मी आता उठून गेले असते तर त्याने काही विचारलं नसतं. मात्र कधी ना कधी, एकट्याने धीर करून, त्याने ती ऐकली असती. या गाद्यांच्या खोलीत, शेजारी कुणी नसताना.

"लाव," मी म्हणाले.

पडद्यावर आठ तासांची एक बारीक आडवी रेघ आली. जिथे आवाज मोठा तिथे रेघ वर उडालेली. त्याने बाण अगदी सुरुवातीला नेला.

"तिथून नको. तो सगळ्यात उंच सुळका दिसतोय ना, दुपारचा? त्याच्या थोडं आधी लाव."

"तो तर अकरा नंबर."

"माहीत आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाण सरकवला. पंख्याची घरघर ऐकू आली. कपबशीचा आवाज आला. माझा आवाज आला, "घे ग बाई आता तोंडात, किती वेळा सांगू?" मग पाण्यात काहीतरी पडल्याचा बुडुक आवाज. मग आई, इतकी स्पष्ट की भावाने खुर्चीचा हात घट्ट धरला. "हसतील त्याचे दात दिसतील," ती म्हणाली. "माझे तेही दिसायचे नाहीत."

भाऊ रडता रडता हसायला लागला. मी त्याला हसू दिलं.